नवाकोरा कॉम्प्युटर, तरी रखडपट्टी

नवा लॅपटॉप हँग व्हायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : एकदा फॉरमॅट मारून घे. विंडोज एक्सपीच्या काळापासून हा सल्ला चालत आलाय. तेव्हा दोन-तीन वर्षांत मशीनमध्ये इतकी नको ती सॉफ्टवेअर्स आणि व्हायरस साठायचे की फॉरमॅटनंतर खरंच फरक पडायचा. पण दसऱ्याला घेतलेला लॅपटॉप दिवाळीलाच रखडायला लागला, तर त्यात साफ करण्यासारखं असं काय साठलं असणार? फॉरमॅट मारल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या दोन दिवसांत आपण काहीच इन्स्टॉल केलेलं नसतं. मग परत ये रे माझ्या मागल्या.

नवं मशीन असं रखडतं तेव्हा बऱ्याचदा दुखणं रॅमचं असतं. बिघाड काहीच नसतो, फक्त आपल्या कामाच्या मानाने मेमरी कमी पडत असते. ती वाढवणं हे कॉम्प्युटरच्या दुरुस्त्यांमधलं बहुधा सगळ्यात सोपं काम. पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नव्हे. कितीही रॅम घातली तरी ढिम्म न हलणारी मशीनंही असतात, आणि दुकानात गेल्यावर हा फरक तुम्हाला कोणी समजावून सांगेलच असं नाही. तो घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता बघता येतो. त्यासाठी रॅम नेमकं काय करते एवढं कळलं की पुरे.

कॉम्प्युटरमध्ये माहिती ठेवायच्या मुख्य जागा दोन. एक स्टोरेज, म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्क. फोटो, फायली, खुद्द विंडोज, सगळं तिथे कायमचं राहतं, वीज गेली तरी जात नाही. दुसरी रॅम. प्रोसेसर स्टोरेजमधल्या फायलीवर थेट काम करत नाही, ती आधी रॅममध्ये आणावी लागते. वन रूम किचनमधला ओटा आणि माळा डोळ्यांसमोर आणा. माळ्यावर डबे कितीही मावतात, पण एखादा काढायचा तर स्टूल ओढा, चढा, उतरा. ओट्यावर जे आहे त्याला मात्र हात लगेच पोचतो. आता ओटाच दीड फुटाचा असेल आणि चार पदार्थ एकदम करायचे असतील, तर एक भांडं माळ्यावर टाकायचं, दुसरं खाली काढायचं, हेच चालणार. स्वयंपाक करणारीचा हात कितीही चलाख असला तरी वेळ जातो तो चढउतारीत.

दुकानदार ‘५१२ जीबी मेमरी आहे’ असं ठसक्यात सांगतो, तेव्हा तो माळ्याचं माप सांगत असतो. ओटा किती, हे आपल्याला वेगळं विचारावं लागतं.

मग सगळीच मेमरी ओट्यावर का नाही देत? कारण रॅम महाग असते आणि विसराळूही. रॅममधला प्रत्येक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा कण (शून्य किंवा एक), हा एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ठेवलेला इवलासा विद्युतभार. एक ट्रान्झिस्टर (विजेचं सूक्ष्म बटण) आणि एक कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट ठेवायची ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, त्यांना तिचं पेटंट १९६८ साली मिळालं. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक बिट पुन्हा भरून घ्यावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी नाही आणि रॅम कोरी. अर्धवट टाइप केलेलं पत्र सेव्ह न करता प्लग निघाला की ते जातं, ते याच कारणाने.

रॅम भरली की काय होतं?

इथे खरी मेख आहे. रॅम भरली म्हणून कॉम्प्युटर सहसा तसं तोंडाने सांगत नाही. एसटीचा कंडक्टर ‘जागा नाही’ म्हणून दार लावून घेतो, तसं तो करत असता तर आपल्याला लगेच कळलं असतं. तो मात्र प्रत्येक प्रोग्रॅमला हो म्हणतो आणि गुपचूप जुगाड करतो. रॅमचे तो चार-चार केबीचे छोटे तुकडे करतो, त्यांना पेज म्हणतात. त्यातली जी पेजेस बऱ्याच वेळात लागलेली नाहीत ती उचलून स्टोरेजवरच्या एका लपवलेल्या फायलीत टाकतो. विंडोजमध्ये या फायलीचं नाव पेजफाइल. नंतर त्या पेजची गरज पडली की प्रोग्रॅमला थांबवून ठेवायचं, दुसरं कुठलं तरी पेज बाहेर काढायचं आणि हवं ते आत आणायचं.

ही युक्ती आजची नाही. मँचेस्टर विद्यापीठात बांधलेल्या आणि १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये ती होती. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की असं काहीतरी करणं भागच होतं. युक्ती झकासच आहे, फक्त तिला मर्यादा आहे.

मर्यादा कुठे येते ते आकड्यांत बघा. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीमधून आणायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे हजार पट. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कमधून आणायला १० मिलिसेकंद किंवा थोडे जास्तच, म्हणजे लाख पट. हार्ड डिस्कला इतका वेळ का, तर तिथे खरोखरची तबकडी फिरत असते. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी सुईचा हात सरकायला लागणारा वेळ वेगळाच. प्रोसेसर कितीही तगडा असला तरी तेवढा वेळ त्याला पेजची वाट बघत बसावं लागतं.

यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते, आणि नव्या कॉम्प्युटरबद्दलच्या निम्म्या तक्रारींचा उलगडा तिच्यात आहे. मेमरी कमी पडते तेव्हा मशीन हळूहळू मंद होत जात नाही. ते बराच वेळ झकास चालतं आणि मग अचानक बसतं. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये याची मीमांसा केली. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या-त्या वेळी काही ठरावीक पेजेस सतत लागत असतात. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमच्या अशा पेजेसची बेरीज रॅममध्ये मावते तोवर काही त्रास नाही. ती थोडीशी जरी बाहेर गेली, तरी आत आणलेलं प्रत्येक पेज दुसऱ्या कुठल्या तरी गरजेच्या पेजला बाहेर ढकलतं, ते परत येताना तिसऱ्याला ढकलतं, आणि कॉम्प्युटरचा सगळा वेळ या उचलाठेवीत जातो. याला थ्रॅशिंग म्हणतात. ‘काल मस्त चालत होता, आज फक्त दोन टॅब जास्त उघडल्या तर माउसही हलेना’ ही तक्रार म्हणूनच अगदी खरी असते. त्या दोन टॅबनीच तोल गेलेला असतो.

एसएसडी आल्यापासून हे दुखणं थोडं झाकलं गेलंय. हार्ड डिस्कच्या जमान्यात मशीन मिनिटभर गोठायचं आणि डिस्कचा करकर आवाज यायचा, त्यामुळे कळायचं तरी. आता नुसते झटके बसतात. एका टॅबवरून दुसरीवर गेलं की पान क्षणभर पांढरं, एक्सेलमधून व्हॉट्सॲपवर जाताना दोन सेकंदांचा विराम, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. लोकांना वाटतं वायफाय गंडलंय.

जाता जाता फोनचंही सांगतो. ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’ अशी जाहिरात असते, त्यातले दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजमधली राखून ठेवलेली जागा. ही वर सांगितलेली १९६२ची युक्तीच, नव्या वेष्टनात. ती बेरीज रॅम म्हणून मनात धरू नका.

तुमच्या मशीनचं दुखणं हेच आहे का?

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात जाऊन डावीकडे मेमरीवर क्लिक करा. हे सकाळी मशीन सुरू केल्या केल्या बघून उपयोग नाही. नेहमीचं काम पूर्ण जोरात चालू असताना, मशीन रखडत असताना बघायचं.

माझी भाची परळला एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करते. तिचा लॅपटॉप नवा, प्रोसेसर चांगला, एसएसडी ५१२ जीबी, आणि रॅम ८ जीबी. रिटर्न भरायच्या दिवसांत तो इतका रखडायचा की ती म्हणाली, “मामा, प्रोसेसरच बदलून टाकता येईल का रे?” लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर पक्का बसवलेला असतो, तेव्हा तो प्रश्नच मिटला. टास्क मॅनेजरमध्ये जे दिसलं ते असं : प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर निवांत. मेमरी ७.७ जीबीपैकी ७.१ वापरात, ९२ टक्के. त्याखाली ‘कमिटेड’ या शब्दापुढे १३.९/१६.७. टॅली उघडं, तीन जाडजूड एक्सेल शीट, क्रोममध्ये जीएसटी आणि इन्कम टॅक्सची पोर्टलं धरून बऱ्याच टॅब, टीम्स, व्हॉट्सॲप.

यातला बोलका आकडा ‘कमिटेड’चा. विंडोजने सगळ्या प्रोग्रॅमना मिळून किती मेमरीचा शब्द दिलाय, ते पहिला आकडा सांगतो. दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून जास्तीत जास्त किती देता येईल. खिशात ७.७ आणि शब्द १३.९चा. शब्द दिलेली सगळी मेमरी प्रोग्रॅम लगेच वापरतातच असं नाही, त्यामुळे हा आकडा रॅमपेक्षा थोडा जास्त असला तर घाबरायचं कारण नाही. पण दुपटीच्या घरात गेला आणि सोबत वापर नव्वद टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की निदान जवळजवळ पक्कं समजा. आणखी खात्री हवी असेल तर स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधा. त्यात मेमरीच्या भागात ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख असतो : सेकंदाला किती वेळा पेज स्टोरेजवरून आणावं लागलं, ते. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो क्षणभर उसळणारच. काही नवीन न उघडताही तो सतत उसळत असेल, तर वर सांगितलेली उचलाठेव तुमच्या डोळ्यांदेखत चालली आहे.

८ जीबीचे ७.७ कसे झाले, असंही तिने विचारलं. प्रोसेसरच्या आतच असलेल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलाच वाटा उचलतं. काही लॅपटॉपमध्ये हा वाटा चांगला २ जीबीचा असतो, आणि ८ जीबीच्या मशीनवर वापरायला ५.९ एवढेच दिसतात. त्यात विंडोज ११ आणि त्याची पाठीमागे चालणारी मंडळी मिळून तीन-साडेतीन जीबी सहज घेतात. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम पुरते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. पुरते, पण कशाला, तर विंडोज सुरू व्हायला. त्यावर काम करायचं असेल तर तो आकडा विसरलेला बरा.

मग कंपन्या मुळात कमी रॅम का देतात? ग्राहक दुकानात किंवा सेलच्या पानावर काय बघतो ते आठवा : प्रोसेसर कुठला, एसएसडी किती, स्क्रीन केवढा. किंमत एका आकड्याच्या आत बसवायची असेल तर कात्री लागते ती कोणी फारसं न विचारलेल्या जागी.

आधी फुकटचे उपाय

खर्चाआधी थोडी झाडलोट करून घ्यावी. नवं विंडोज मशीन पहिले दोन-तीन दिवस अपडेट उतरवत असतं, फायलींची सूची बनवत असतं, तुमचे फोटो क्लाउडवर चढवत असतं. त्या दिवसांत ते मंदच चालणार. एक-दोन संध्याकाळी चार्जरला लावून चालू ठेवा आणि मग मत बनवा. कंपनीने आधीच टाकून दिलेला ट्रायलचा अँटीव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्सची यादी असते. मशीन सुरू होताना उठून बसणारी नको ती ॲप्स तिथे बंद करता येतात. क्रोम आणि एजमध्ये न वापरलेल्या टॅब झोपवायची सोय आहे, ती चालू करा. ब्राउझर आता सुरक्षेसाठी वेगवेगळ्या साइट जणू वेगवेगळे प्रोग्रॅम असल्यासारख्या स्वतंत्रपणे चालवतात, त्यामुळे जड टॅब काही शे एमबी एकटी खाते.

रॅम साफ करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर्स मात्र चुकूनही टाकू नका. ती प्रोग्रॅमची पेजेस जबरदस्तीने बाहेर ढकलतात, आकडा क्षणभर छान दिसतो आणि पुढच्या क्लिकला तीच पेजेस परत आणावी लागतात. पेनड्राइव्ह लावून रॅम वाढवायचा सल्लाही अजून फिरत असतो. व्हिस्टाच्या जमान्यात हार्ड डिस्कवाल्या मशीनला त्याचा थोडाफार उपयोग होता, आज नाही.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी साठ टक्क्यांवरच असेल आणि तरी मशीन रखडत असेल, तर रॅमचा विचार सोडा. डिस्क सतत १०० टक्के दाखवतेय आणि ती फिरती हार्ड डिस्क आहे? एसएसडी घाला, दोन्हीपैकी एकाचेच पैसे असतील तरी आधी एसएसडी. प्रोसेसर १०० टक्के? कुठला प्रोग्रॅम त्याला पिळतोय ते तिथेच दिसतं. मे महिन्यात दुपारी गादीवर लॅपटॉप ठेवून काम केलं तर खालची जाळी बंद होते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. त्यावर इलाज म्हणजे टेबल आणि पंखा.

कुठली रॅम, किती

साधं गणित सांगतो. ब्राउझर, ऑफिस, टॅली, मीटिंगा एवढं असेल तर १६ जीबी भरपूर झाली. आर्किटेक्चरची मुलं, व्हिडिओ एडिटिंगवाले, ज्यांना एका मशीनमध्ये दुसरं व्हर्च्युअल मशीन चालवावं लागतं ते, यांनी ३२चा विचार करावा. त्यापलीकडे हौसेला मोल नाही. कामाला लागते त्याहून जास्त रॅमने वेग वाढत नाही. उरलेल्या जागेत विंडोज वारंवार लागणाऱ्या फायली जवळ ठेवून देतं, त्याने किंचित फायदा होतो, इतकंच.

आता महत्त्वाचं. तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅम घालता येते का? रॅम सुट्या छोट्या पाटीवर येते, तिला स्टिक म्हणतात, आणि ती जिथे बसते ती खोबण म्हणजे स्लॉट. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असं लिहिलेलं असतं. तिथे १ ऑफ २ असेल आणि फॉर्म फॅक्टरपुढे एसओडिम (लॅपटॉपची सुटी स्टिक) असेल, तर लक्षण चांगलं. ‘रो ऑफ चिप्स’ असेल, तर रॅम बोर्डालाच डाख देऊन चिकटवलेली आहे. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये हल्ली असंच असतं, आणि ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये येते, तिथे नंतर काहीही करता येत नाही. काही मॉडेल अर्धी-अर्धी असतात : थोडी रॅम चिकटवलेली, शिवाय एक स्लॉट मोकळा. टास्क मॅनेजरचा स्लॉटचा आकडा कधीकधी फसवतोही, म्हणून कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. कव्हर कसं उघडतं, स्लॉट किती, जास्तीत जास्त किती रॅम चालते, सगळं त्यात चित्रांसकट असतं. कव्हर उघडल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, तेही कंपनीच्या अटींत वाचा. धाकधूक वाटत असेल तर तिच्याच सर्व्हिस सेंटरमधून बसवून घ्या, थोडे पैसे जास्त जातील.

नंतर पिढी जुळवायची. आजच्या मशीनमध्ये डीडीआर ४ नाहीतर डीडीआर ५. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. बसत नाही म्हणून जोर लावू नये, एवढीच त्यातली शिकवण. डेस्कटॉपची स्टिक लांब, लॅपटॉपची जवळपास निम्मी. त्यापुढे ३२००, ४८००, ५६०० असा वेगाचा आकडा असतो. आधीच्या स्टिकइतकाच घ्या. जास्त वेगाची घेतली तर सहसा दोन्ही कमी वेगाने चालतात, म्हणजे जादाचे पैसे पाण्यात. कंपनी तीच असायला हवी असं नाही, वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक बहुधा गुण्यागोविंदाने नांदतात. क्वचित नांदत नाहीत, म्हणून दुकानात बदलून मिळेल ना, हे आधी विचारून ठेवा.

एक ८ जीबीची स्टिक आधीच असेल तर दुसरीही ८चीच घ्या. जोडी सारखी असली की प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो. डीडीआर ४ची ३२००वाली एक स्टिक सेकंदाला कागदोपत्री २५.६ जीबी पोचवते, दोन मिळून ५१.२. टायपिंग करताना याचा पत्ता लागणार नाही, पण ज्या लॅपटॉपचं ग्राफिक्स रॅमच्या जिवावर जगतं तिथे गेम आणि व्हिडिओच्या कामात तो दिसतो.

खरेदी कुठे? मुंबईत अजूनही पाय लॅमिंग्टन रोडकडेच वळतात. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टनच सांगावं लागतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलं की चालत थोड्या मिनिटांवर. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. आधी आपल्या स्टिकचा स्टिकर स्पष्ट दिसेल असा फोटो काढून न्या. तो दाखवला की निम्मी बोलणी संपतात. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि ऑनलाइनचाही बघून ठेवा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. बिलाशिवाय वॉरंटीचं बोलायला तोंड उरत नाही, आणि जुन्या ऑफिस मशीनमधून काढलेली रॅम पुसून-पासून खपवली जाते ती अशाच सौद्यात. सील पॅकेट, पॅकेटवरचा आणि स्टिकवरचा सीरियल नंबर, जीएसटीचं बिल. तिन्ही बघून मगच पैसे द्या.

भावाबद्दल इथे आकडा देत नाही, कारण तो टिकणार नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येते. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे तिघांनी मोर्चा वळवला आणि २०२५च्या उत्तरार्धात साध्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. पूर्वी मी ‘आत्ता ८चा घे, पुढे रॅम टाकू, स्वस्तच होत जाते’ असं बिनदिक्कत सांगायचो. आता नवा लॅपटॉप घेणाऱ्याला सांगतो की १६ जीबीचा थोडा महाग मिळत असेल तर फरक मोजून बघ. आणि स्लॉट मोकळा नसलेलं ८ जीबीचं मॉडेल कितीही सवलतीत असलं तरी माझ्या मते घेऊच नये.

बसवताना

लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसता झाकू नका, झाकल्याने तो झोपतो. चार्जर काढा. खालच्या कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवत जा. लांब स्क्रू भलत्या भोकात पिळला तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. कव्हर कडेच्या खिट्ट्यांवर अडकलेलं असतं, ते जुन्या प्लास्टिक कार्डाने एका कोपऱ्यापासून सोडवत जायचं, स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. मॅन्युअलमध्ये बॅटरीचं कनेक्टर काढायला सांगितलं असेल तर आधी ते काढा. हातातली स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला, लोखंडी कपाटाला म्हणा, हात लावून घ्या. पावसाळी दमट हवेत तिची भीती कमी, पण एसीच्या कोरड्या खोलीत ती असते.

स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच जुळवून साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवा, सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत. अर्धवट घातलेली स्टिक दाबली की बसल्यासारखी वाटते, फसगत तिथेच होते. मग वरून हलकेच खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज येतो आणि स्टिक आडवी बसते. एकाच बाजूचा आला तर काढून परत घाला.

कव्हर लावून पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काळाच राहिला तर लगेच बटण दाबून बंद करू नका. नवी रॅम ओळखून तिच्याशी वेग जुळवायला मशीनला वेळ लागतो, डीडीआर ५मध्ये तर कधी काही मिनिटंही. चहा टाका. बराच वेळ झाला तरी काहीच नाही, तर स्टिक काढून नीट बसवा. शंभरातल्या नव्वद वेळा ती पूर्ण आत गेलेली नसते, असं दुकानदारही सांगतात.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये नवा आकडा दिसतो का बघा, आणि स्टार्टमधून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून घ्या. तो मशीन रीस्टार्ट करून रॅम तपासतो. खराब स्टिक असेल तर ती सहसा पहिल्या दिवसांतच उघडी पडते : निळा स्क्रीन, कारण नसताना बंद पडणारे प्रोग्रॅम. असं काही दिसलं तर फॉरमॅटच्या फंदात न पडता स्टिक आणि बिल घेऊन सरळ दुकान गाठा.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये दुसरी ८ जीबीची स्टिक गेली. त्याच फायली, तीच पोर्टलं उघडून बघितलं : वापर ११ जीबीच्या आसपास, म्हणजे सत्तर टक्के, आणि हार्ड फॉल्ट्सचा आलेख जमिनीला टेकलेला. जीएसटीचं पोर्टल शेवटच्या तारखेला तरीही रखडतं, पण तो इलाज आपल्या हातातला नाही.

जुनी स्टिक काढून तिच्या जागी मोठी घातली असेल, तर जुनी फेकू नका आणि ओएलएक्सवर विकायची घाईही करू नका. नवीच्या पॅकेटमध्ये घालून बिलासोबत कपाटात ठेवा. वॉरंटीत मशीन द्यायची वेळ आली तर काही सर्व्हिस सेंटर ते कंपनीतून निघालं त्या स्थितीत मागतात, तेव्हा तीच परत बसवून द्यावी लागते.